गोदाम कुठे होतं

२२ ऑक्टोबर

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष मागुणी जेना आज आपल्या पायांनी घरी आला. मोटारसायकल कोपऱ्यावर ठेवून, चपला अंगणाबाहेर काढून. आमच्या पाणिदुआर गावाचा इतिहास मी लिहावा असं सोसायटीत ठरलं आहे म्हणे. "आर्तबाबू, शिकलेली पोरं गावात आता पैशाला पासरी. पण मसुदा लिहिणारा माणूस एकच." भुवनेश्वरच्या कचेरीत उभी हयात मी मसुदेच लिहिले, तेव्हा यात खोटं काही नाही.

कारण असं. चिलिका सरोवरातल्या पाण्यावरून आमचं आणि पलीकडच्या बालिनासीचं भांडण पेटलं आहे. गेल्या हंगामात दोन होड्या फोडल्या गेल्या. आता तहसीलमधून मोजणीचा अमीन येऊन शीव आखून देणार आणि ती दोन्ही गावं मानणार. शिवेचा करार एका वाक्याचा, शेंबड्या पोरालाही पाठ आहे: हत्तीखडकाखाली गोदामाची पांढरी भिंत आली की शीव. किनाऱ्याकडे तोंड केलं तर उजवीकडचं पाणी आपलं, डावीकडचं त्यांचं. डोंगरावरचा हत्तीखडक जागेवर आहे. मिठाचं गोदाम मात्र नाही. कुठे होतं तेही कोणाला नीट सांगता येत नाही.

"तेवढं गोदाम पक्कं करा. बाकी देवळं-बिवळं तुमच्या मर्जीनं," मागुणी म्हणाला. "तुम्ही कधी जाळ्यावर गेला नाहीत, हे तर फारच बरं. मन कोरं आहे तुमचं."

निःपक्षपातीपणाची अशी कदर कचेरीतसुद्धा कोणी केली नव्हती. निवृत्त होऊन गावी आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "कधी आलात? परत कधी जाणार?" आज पहिल्यांदा वाटलं, आपण इथले आहोत.

माझं घर बांधून होईतो मी भाउजकडे जेवतो. निशामणी भाउज, माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. तिला बातमी सांगितली तर तिचा हात विळीवरच थांबला.

"तुम्हालाच सांगितलं?"

"मग कोणाला सांगणार?"

"खरंच," ती भोपळा चिरत म्हणाली. "मग कोणाला सांगणार."

२४ ऑक्टोबर

घराच्या भिंती खिडक्यांच्या वर आल्या. बाबांची ही जागा उंचवट्यावर आहे, गच्चीवरून अख्खं सरोवर दिसेल. रंग गुलाबी ठरवला आहे. 'आर्तनिवास' अशी पितळी पाटी बेरहामपूरला करायला टाकली.

अडचण एकच, बाबांच्या ताडाचं खोड. तेरा सालच्या वादळात ताड पडला पण बुंधा राहिला, आणि तो नेमका जिन्याच्या कोपऱ्यावर येतो. मिस्त्री म्हणतो, मुळं लोखंडासारखी आहेत. त्या ताडाचं बाबांना वेड होतं. दर वर्षी छाडखाईला, कार्तिकाचा उपास सुटतो त्या दिवशी, शिडी लावून त्याला पार शेंड्यापर्यंत चुना फासायचे. वाळवीसाठी. वाळवी शेंड्याला लागत नाही असं मी त्यांना सांगितलं होतं, तेव्हा नुकताच शाळेत शिकलो होतो. "लागू नये म्हणून तर लावतो," म्हणाले. बालिनासीहून एक चुनेवाला यायचा मडकं घेऊन. बाबा त्याला शेजारी बसवून खैंगा माशाचं कालवण वाढायचे, आधी त्याला, मग स्वतःला. एका चुनेवाल्याचा एवढा मान कशासाठी, मला कळत नसे. बाबा भोळे होते.

२८ ऑक्टोबर

इतिहासाला हात घातला. काय काय गेलं त्याचंच टिपण होत चाललं आहे. लाँच लागायची तो धक्का मोडून अर्धा पाण्यात गेला. होड्या ज्यांना बांधायचे ती उंडीची झाडं वादळात गेली. भगवतीचं जुनं देऊळ वाळूनं गिळलं, म्हणून देवी उचलून आत आणली, आणि आता विचारावं तर सगळे म्हणतात देवी पहिल्यापासून इथेच. अशा लोकांचा इतिहास लिहायचा म्हणजे वाळूवर रेघोट्या.

गोदामासाठी पहिली साक्ष साबीबुढीची. गावातली सगळ्यांत जुनी बाई, डोळ्यांनी अधू पण जीभ शाबूत. म्हणाली, "गोदाम धक्क्याच्या पलीकडे. तीन खोल्या, दाराशी शिपाई. माझी सासू तिथून मीठ चोरायची, लुगड्यात बांधून." तिथे आता छातीभर पाणी आहे. ओहोटीच्या दिवसांत विटा पायाला लागतात म्हणे. तपशील चांगला आहे.

३१ ऑक्टोबर

दुसरे साक्षीदार उच्छब मावसा. वय झालं तरी अजून होडी चालवतात. ते छातीठोकपणे म्हणाले, "गोदाम शाळेच्या विहिरीपाशी."

"मावसा, साबीबुढी पाण्यात दाखवते."

"ती तिचं सांगते, मी माझं."

"खोल्या किती होत्या?"

"खोल्या कशाला? एकच भिंत. नुसती उभी."

"भिंतीला गोदाम कसं म्हणायचं? मीठ कुठे ठेवायचे मग?"

मावसा विडी पेटवून म्हणाले, "बाबू, तुम्ही जागा विचारलीत. जागा सांगितली."

वयाबरोबर माणसाची बुद्धी चळते, दुसरं काय.

आजपासून पंचुक. कार्तिकाचे शेवटचे पाच दिवस बगळासुद्धा मासा खात नाही म्हणतात. मी बगळ्याहून धार्मिक नाही, पण भाउजपुढे इलाज नाही. डाळमा आणि भात.

२ नोव्हेंबर

तिसरी साक्ष म्हणजे कळसच. धोबेई मलिक, वयानं माझ्याएवढा, लहानपणी माझ्या वह्यांची पानं फाडून होड्या करायचा. त्याला विचारलं, गोदाम कुठे? तो हसायलाच लागला.

"तुझ्याच जागेत की रे! तुझ्या बापाचा ताड!"

"ताड म्हणजे झाड, धोबेई. मी गोदाम विचारतोय."

"अरे तेच गोदाम. आम्ही पोरं होडीतून ओरडायचो, गोदाम दिसलं, गोदाम दिसलं. तू कुठे होतास?"

मी वसतिगृहात होतो. केउटाच्या, म्हणजे कोळ्याच्या घरात जन्मून होडीत बसलं की मला ओकारी येते, म्हणून बाबांनी मला शाळेत घातलं आणि दादाला जाळ्यावर. ताडाच्या झाडाला गोदाम म्हणणाऱ्या माणसाची साक्ष मसुद्यात घेता येत नाही. तरी फाजील म्हणून शेवटी नोंदवली.

संध्याकाळी मागुणीला सगळं सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हातारी माणसं, बाबू. खरं विचाराल तर गोदाम बाजारातल्या वडापाशी होतं. जबाबदार लोक तेच सांगतील." माझा पुतण्या, भाउजचा मुलगा कैबल्य शेजारीच होता, त्यानंही मान हलवली. दोघांचं बोलणं सुसंगत होतं, कोणतीही भाकडकथा नाही. चार जागांपैकी हीच मला विश्वसनीय वाटते.

५ नोव्हेंबर

छाडखाई. पंचुक संपलं, आज घरोघर मासे. कैबल्यनं त्याच्या घेरातली वाघ्या कोळंबी आणली, हाताच्या पंज्याएवढी. वादळानंतर त्यानं सरोवरात बांबू आणि जाळी उभी करून हा घेर बांधला. त्यावरच घर चालतं. भाउजच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यातूनच झालं आणि यंदा त्याचं लग्नही त्यातूनच व्हायचं आहे. शीव वडावरून आखली तर घेर सुखरूप, असं तो जेवताना म्हणाला.

"आणि नाही आखली तर?" मी विचारलं.

"तर काका, पुढच्या छाडखाईला तुम्हाला भोपळा."

सगळे हसलो. भाउज हसली नाही. तिला काटा लागला असावा, पण कोळंबीला काटा नसतो.

१० नोव्हेंबर

तहसीलचा कागद आला. अमीन एकवीस तारखेला येणार. ज्या ज्या जागा सांगितल्या गेल्या तिथे तिथे उंच निशाण उभं करून ठेवा, असा हुकूम आहे. हुकूम म्हणजे हुकूम. चार लांब बांबू आणले. निशाणाला कापड मागितलं तर भाउजनं आपलं जुनं पांढरं पातळ दिलं, निळ्या काठाचं. एक बांबू वडापाशी रोवला, एक विहिरीपाशी. एक मिस्त्रीनं ताडाच्या बुंध्याला बांधला. तो कुरकुरत होता की कामात अडथळा येतो. पाण्यातला उद्या-परवा.

१३ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

उच्छब मावसांच्या होडीतून साबीबुढीची जागा शोधायला गेलो. विटा खरंच लागल्या. मावसांनी पाण्यात उतरून बांबू रोवला. मग भाउजनं कोळंबी आणायला सांगितली होती म्हणून तसेच कैबल्यच्या घेरापर्यंत गेलो. वारा होता. मला मळमळू लागलं. भाउजनं मागेच सांगून ठेवलं होतं की पोटात ढवळलं तर पाण्याकडे बघू नका, किनाऱ्यावर जे हलत नाही ते बघा. मी बांबूंकडे बघत बसलो.

घेराच्या आत शिरलो तेव्हा बांबू वेगवेगळे होते. पाण्यातला, विहिरीजवळचा आणि आमच्या जागेतला. होडी सरकली तसे ते एकमेकांजवळ येऊ लागले. घेराच्या मधोमध पोचलो आणि तीन बांबूंचा एकच बांबू झाला. त्याच्या बरोब्बर वर हत्तीखडक. वडापाशी रोवलेला चौथा बांबू खूप दूर, एकटा उभा होता.

होडी पुढे गेली तसे तिन्ही बांबू पुन्हा सुटे झाले.

"मावसा," मी म्हणालो, "होडी जरा मागे घ्या."

मावसांनी मागे घेतली. पुन्हा एक बांबू. त्यांनीही बघितलं. वल्हं पाण्याबाहेर उचललं.

"आता डोळे मिटा बाबू," म्हणाले. "जास्त बघितलं की चक्कर येते."

म्हणजे कोणीच चुकीचं सांगत नव्हतं. गोदाम पाण्यानं खाल्लं, तेव्हा त्याच रेघेवर मागे भिंत उभारली. भिंत पडली, तेव्हा आणखी मागे ताड. ज्याच्या वाट्याला जे आलं त्यालाच तो गोदाम म्हणत आला. पाण्यातल्या माणसाला गोदामाशी काय करायचं आहे, त्याला रेघ हवी. आणि बाबा वाळवीसाठी चुना लावत नव्हते. मी त्यांना वाळवीवर धडा दिला होता.

रेघ कैबल्यच्या घेराच्या मधून जाते. घेराचा अर्धा भाग बालिनासीच्या पाण्यात आहे.

१४ नोव्हेंबर

काही सुचत नाही. दुपारी इतिहासाचं 'वृक्ष व वनस्पती' हे प्रकरण लिहिलं.

१५ नोव्हेंबर

स्वतःशी तरी स्पष्ट लिहावं. वडाची जागा कागदावर घातली तर कोणी मला खोटं ठरवणार नाही. मी ऐकीव साक्ष नोंदवली, एवढंच. कचेरीत याहून पातळ आधारावर फायली मिटलेल्या पाहिल्या आहेत. कैबल्य माझ्या भावाचा मुलगा. त्याच्या घरचं रोज जेवतो. आणि गावानं मला आत्ता कुठे आपलं म्हटलं आहे. खरं सांगितलं तर उद्यापासून पुन्हा "परत कधी जाणार?" आणि या वेळी लोक उत्तराची वाट बघतील.

बालिनासीत मी कोणालाही ओळखत नाही. त्यांचं पाणी गेलं तर मला काय? हा प्रश्न लिहून बघितला. लिहिल्यावर बरा दिसत नाही.

१६ नोव्हेंबर

गुरुवार. मार्गशीर्षातला मानबसा, लक्ष्मीचं व्रत. भाउज पहाटेपासून तांदळाच्या पिठानं भिंतीवर झोटी काढत होती, भाताच्या ओंब्या आणि पावलं. मी तिला विचारलं, "भाउज, गोदाम कुठे होतं, तुला माहीत आहे?"

तिनं बोटं पिठाच्या वाटीत बुडवली. "मला विचारू नका."

"का?"

"गोदामाबद्दल खोटं बोलू नये. पाण्यात जाणाऱ्यांचं घर आहे हे. आणि खरं बोलले तर ते माझ्या पोराच्या मुळावर. म्हणून विचारू नका." मग पिठाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "तुमचे दादा असते तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं. त्यांनी ताड पडला त्याच आठवड्यात दुसरं काहीतरी उभं केलं असतं. त्या वर्षी गावाला खायलाच नव्हतं. मग कोणी उभं केलं नाही. मग पोरांनी जाळी सरकवली, एक वीत, एक वीत. रेघ दिसतच नव्हती ना."

"मग मागुणीला हे माहीत आहे?"

उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसं भाउजनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आंघोळ करून घ्या," म्हणाली. "नैवेद्य गार होतोय."

मागुणीला माहीत नसावं. तो आता बर्फ आणि ट्रकचा धंदा करतो, पाण्यात कित्येक वर्षं गेलेला नाही. माहीत असतं तर त्यानं माझ्यासारख्या निःपक्षपाती माणसाला हे काम दिलंच नसतं.

२० नोव्हेंबर

सकाळी बघतो तर विहिरीजवळचा बांबू नाही. आमच्या जागेतलाही नाही. पाण्यातला जागेवर आहे, वडाजवळचाही डौलात उभा.

"बकऱ्या शिरल्या असतील," कैबल्य म्हणाला. माझ्याकडे न बघता.

बकऱ्या बांबू उपटतात आणि पसार करतात हे मी प्रथमच ऐकलं.

संध्याकाळी मागुणी आला. या वेळी मोटारसायकल अंगणात, चपला पायात. "काय लिहिलंत बाबू?"

"सगळ्यांच्या साक्षी लिहिल्या."

"चार जागा वाचून दाखवल्यात तर अमीन गोंधळेल. वड तेवढा वाचा." मग आवाज मऊ करून म्हणाला, "गाव तुम्हाला आपलं समजतं. घर बांधताय. इथेच राहायचंय ना?"

राहायचं आहे. खरंच राहायचं आहे. भुवनेश्वरच्या भाड्याच्या घरात शेजारच्याला माझं नाव माहीत नव्हतं. इथे माणसं टोमणे मारतात, पण नावानं मारतात. 

२१ नोव्हेंबर

मोडक्या धक्क्यापाशी दोन्ही गावं जमली. अमीन तरुण आहे, तिपाई उभी करून घाम पुसत होता. बालिनासीहून दहा-बारा जण आले होते. त्यांच्यात एक अगदी वाकलेला म्हातारा, मांडीवर मडकं घेऊन बसलेला. कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

मी इतिहास वाचला. धक्का, देऊळ, उंडीची झाडं. लोक जांभया देत होते. मग गोदाम. साबीबुढीची साक्ष वाचली, उच्छब मावसांची वाचली, धोबेईची वाचली. ताड ऐकून काही जण हसले. बालिनासीचं कोणीच हसलं नाही. शेवटी वडाची वाचली, कोणी सांगितली त्या नावांसकट.

अमीन वैतागला. "आजोबा, मला एक जागा हवी. चारांतली खरी कोणती?"

मागुणी माझ्याकडे बघत होता. कैबल्यही. मी कागद मिटले.

"पहिल्या तिघांतली कोणतीही घ्या," मी म्हणालो. "रेघ तीच येते. वडाची तेवढी सोडा."

 मग मागुणी हसला. "तीन जागा! अहो साहेब, पाण्यातली एक सोडली तर निशाणं तरी आहेत का कुठे? बाबूंचं वय झालंय."

खरंच नव्हती. मी मागे वळून शाळेकडे बघितलं, उगाच. तर शाळेच्या छपरावरून एक बांबू हळूहळू वर येत होता, डुलत, पांढरं कापड बांधलेला. येऊन स्थिर झाला. मग उंचवट्यावर, आमच्या अर्ध्या भिंतींच्या मागून, दुसरा वर आला. उच्छब मावसा सभेला आले नव्हते, धोबेईही आला नव्हता. दोघं आपापल्या जागी बांबू धरून उभे होते.

अमीननं होडीत बसून दुर्बीण लावली. खडक, तीन बांबू, एक रेघ. त्यानं ती कागदावर ओढली तेव्हा कैबल्य उठून निघून गेला.

वाकलेला म्हातारा माझ्यापाशी आला. "तू त्या ताडवाल्याचा धाकटा ना? होडीत ओकायचा तो?"

तेव्हा ओळखलं. "तुम्ही चुनेवाले!"

"चुनेवाला?" तो खवळला. "मी हाडिबंधु तराई, बालिनासीचा प्रधान होतो! चुना विकतो होय मी? दर छाडखाईला अर्धा चुना आमचा, अर्धा तुमचा. तुझा बाप शिडीवर, मी शिडी धरायला. पुढच्या वर्षी मी वर, तो खाली. म्हणजे कोणी कोणाला पाडू नये." मग मडकं माझ्यापुढे केलं. "शिंपल्या भाजून केलाय. वादळापासून दर वर्षी करतो. लावायला काही नव्हतं."

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. धोबेईनं धरलेल्या बांबूचं कापड नवं फाडलेलं होतं, काठ निळा. उच्छब मावसांच्याही बांबूचं तेच. भाउजच्या पातळाचा काठ तसाच असतो. सकाळपासून ती घरात नव्हती. देवळात गेले होते म्हणाली.

२६ नोव्हेंबर

घेराचा अर्धा भाग काढला. कैबल्य आणि आणखी चौघं दोन दिवस बांबू उपटत होते. तो माझ्याशी बोलत नाही. लग्न पुढे ढकललं. भाउज ताट झाकून ठेवते आणि बाहेर निघून जाते. वाटेत कोणी "कधी जाणार?" असंसुद्धा विचारत नाही. विचारावं असं वाटतं.

मला फार वाईट वाटतं आहे. बरोबर केलं याचं समाधान वगैरे होतं म्हणतात, ते अजून झालेलं नाही.

१२ डिसेंबर

धुक्याचे दिवस. काल बालिनासीची एक होडी आमच्या जाळ्यात शिरली आणि शिवीगाळ झाली. होडीवाला म्हणत होता, रेघ कागदावर आहे, पण मी पाण्यात कागद घेऊन फिरू का? निशाणाचे बांबू कधीच वाऱ्यानं पडले.

मिस्त्री विचारत होता, जिन्याच्या माथ्यावरची खोली कुठे घ्यायची? मागच्या बाजूला घेतली तर पैसे वाचतात. मी बुंध्यापाशी गेलो. मग सांगितलं, याच्यावर घे. सरळ वर. सरोवराकडची भिंत अखंड ठेव, खिडकी नको.

"खिडकी नको? अहो, नजारा तिथेच आहे!"

"नजारा त्यांच्यासाठी आहे," मी म्हणालो.

"आणि गुलाबी रंग?"

"पांढरा. चुना."

पितळी पाटी आली आहे. फार सुरेख झाली आहे.

२४ नोव्हेंबर, पुढचं साल

वर्षभरात इथे लिहिण्यासारखं थोडंच झालं. पाटी दारावर लावली होती, पण तिचा उपयोग नाही. रिक्षावाल्याला आर्तनिवास सांगितलं तर तो विचारतो, "म्हणजे गोदामच ना?" पोस्टमनही तेच म्हणतो. परवा पहाटेच्या धुक्यात पाण्यावरून कोणीतरी ओरडलं, "गोदाम दिसलं रे!" मी आत चहा पीत होतो. दोन्ही गावांतला एकही माणूस आता मला विचारत नाही की परत कधी जाणार. गोदाम कुठे जाणार?

मागुणीनं मला त्या कामासाठी निवडलं ते माझ्या मसुद्यांमुळेच, असं मी अजून मानतो. भाउजला हे सांगितलं की ती पदर तोंडाला लावते.

आज छाडखाई. हाडिबंधु सकाळीच मडकं घेऊन आला, नातवाच्या खांद्याला धरून. त्याला शिडीवर चढणं शक्य नाही, मला तर जमिनीवरही गरगरतं. आम्ही दोघं म्हातारे भिंतीकडे बघत बसलो होतो. भाउजनं इथेच येऊन पानं मांडली, हाडिबंधुचं माझ्या शेजारी. खैंग्याचं कालवण आधी त्याला वाढलं.

जेवण चालू असताना अंगणात कोणीतरी शिडी आपटली. कैबल्य. वर्षभरानं या दारात आला होता. एका हातात आमच्या गावचा चुना, दुसऱ्या हातात ब्रश. त्यानं शिडी भिंतीला लावली, एकदा हलवून बघितली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला,

"काका, जेवण झालं असेल तर या. शिडी धरा."

माझं झालं नव्हतं. हात न धुताच उठलो.